हिरवे खडे

आमच्या घराण्यात आजवर कुणाच्याही शरीराला शस्त्राचा स्पर्श झालेला नाही, असं माझे वडील, म्हणजे अण्णा, सांगत. सांगताना ते उजवा हात थोडा वर उचलत आणि समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत, त्यामुळे नव्या माणसाला वाटे की आमचे पूर्वज लढायांतून न खरचटता परत आले असावेत. अण्णा ऑपरेशनबद्दल बोलत असत. विधान खरंही होतं. माझे आजोबा पोटात कळ येऊन चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांना गावाहून कुडाळला डोलीतून नेईपर्यंत संध्याकाळ झाली आणि मग पुढे न्यायचं कारण उरलं नाही. मोठी आत्या पहिल्या बाळंतपणात गेली. धाकट्या काकांच्या पोटात उजवीकडे दुखायचं, त्यावर त्यांनी दोन महिने ओवा खाल्ला आणि तिसऱ्या महिन्यात ओवा थांबला, कारण काका थांबले. सगळ्यांची शरीरं अखेरपर्यंत अखंड होती. हा वारसा अण्णांनी आमच्या करी रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, अभिमानानं जपला होता.

अण्णा मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद पडल्यावर लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायचं काम गेलं, पण लिहायची हौस राहिली, म्हणून ते चाळ कमिटीचे सेक्रेटरी झाले. जिन्याखाली एक फळा होता. पाणी किती वाजता येणार, कुणाचं तेरावं कधी, टाकी कधी साफ होणार, हे सगळं अण्णा त्यावर रोज सकाळी सुवाच्य अक्षरात लिहीत आणि खाली ‘हुकुमावरून’ असं लिहीत. हुकूम कुणाचा, हे कधी कुणी विचारलं नाही. त्याच वेळी वर आमच्या खोलीत आई पाट्यावर ओलं खोबरं वाटत असे. वरवंट्याचा तो घरंगळणारा, मध्येच थांबून पाणी मागणारा आवाज म्हणजे माझ्या लहानपणाचं घड्याळ. आमच्याकडे खोबरं नाही असं कालवण नव्हतं. डाळीत खोबरं, बांगड्याच्या तिरफळाच्या सारात खोबरं, आजाऱ्याच्या पेजेबरोबर खोबऱ्याची चटणी. मिक्सर आला तरी आई पाट्यावरच वाटायची. मिक्सरात वाटप गरम होतं, असं तिचं म्हणणं होतं. आता टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर माझ्याकडे मिक्सर आहे आणि वाटप गरम होतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा तो आवाज मध्येच थांबायला लागला. आई वरवंटा सोडून उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायची आणि कुणी बघितलं की पदर सारखा करायला लागायची. कळ पोटातून पाठीला आणि खांद्याच्या पात्यापर्यंत जाई, उलटी होई, मग ती उठून भांडी घासायला घेई. अण्णांच्या मते हा वायू होता. दीड वर्ष तो वायूच राहिला. शेवटी तिसऱ्यांदा ती मोरीत वाकडी होऊन बसली तेव्हा मीच तिला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीनं काढू, तीन-चार छोटी भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. तोवर तळलेलं बंद, तूप बंद, खोबरं बंद. आईनं बाकी सगळं ऐकून घेतलं. खोबरं म्हटल्यावर तिनं डॉक्टरांकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच ते खडे आत घातले होते. तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. त्या हॉस्पिटलात अडीच महिन्यांची तारीख मिळणं ही मोठी गोष्ट होती. मी तो कागद घरी आणून देवांच्या तसबिरीमागे ठेवला.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि हात थोडा वर उचलला.

तारीख दोन आठवड्यांवर आली तेव्हा परब मास्तर एक कागद घेऊन आले. परब मास्तर तळमजल्यावर राहत, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले होते आणि चाळीत कुणाचाही सत्कार असला की अध्यक्ष असत. कागद झेरॉक्सचा होता, झेरॉक्सच्या झेरॉक्सचा, त्यामुळे काही अक्षरं नुसती काळी ठिपक्यांसारखी दिसत. इंग्रजीत लिहिलं होतं की एका चिनी डॉक्टरच्या या उपायानं पित्ताचे खडे बिनाऑपरेशन, बिनावेदना पडतात. मास्तरांनी खाली मराठी भाषांतर केलं होतं आणि त्यात चिनी डॉक्टरचा जर्मन केला होता, कारण आमच्या चाळीचा जर्मन लोकांवर जास्त विश्वास होता. पाच दिवस सफरचंदाचा रस प्यायचा, त्यानं खडे मऊ होतात. सहाव्या दिवशी उपास, संध्याकाळी जुलाबाचं विलायती मीठ पाण्यातून, आणि दिवेलागणीला अर्धा पेला ऑलिव्ह तेलात लिंबू पिळून एका दमात प्यायचं. उजव्या कुशीवर निजायचं. सकाळी खडे पडतात. ते मोजावेत, असंही होतं.

मी रसायनशास्त्र घेतलं होतं. मी म्हटलं, तेल आतड्यात जातं, पित्ताशयात जात नाही. खडे मऊ होणार कसे. अण्णा म्हणाले, जर्मनांना कळत नाही आणि तुला कळतं. मास्तरांनी मला समजावलं की विज्ञानालाही मर्यादा असतात. ते भूगोल शिकवत. आईला कुणी काही विचारलं नाही. ती चहा गाळत होती.

हा कागद आजही जिवंत आहे. गेल्याच महिन्यात आमच्या टॉवरच्या ग्रुपवर आला, आता त्याला पित्ताशयाचं रंगीत चित्र आहे आणि खाली जोडलेले हात आहेत. मी लिहिलं की असं करू नका, माझ्या आईच्या जिवावर बेतलं होतं. त्याखाली सात जणांनी हात जोडले आणि आठव्यानं विचारलं, सफरचंद सालासकट की सालाशिवाय?

खरी चूक मात्र कागदाची नव्हती. उपाय चालू असताना ऑपरेशनची तारीख राखून ठेवणं म्हणजे उपायावर अविश्वास, आणि अविश्वासानं घेतलेलं औषध लागू पडत नाही, असा मुद्दा मास्तरांनी काढला. अण्णांना तो फार पटला. तारीख परत करून यायला त्यांनी मला पाठवलं. मी जायला नको होतं. मी वीस वर्षांची होते, पण ते कारण नव्हे, ते वय झालं. खिडकीवरच्या कारकुनानं माझ्याकडचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, “गेल्या का?”

मी म्हटलं, नाही, आहेत, घरगुती उपाय करणार आहोत. त्यानं पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तारीख मागायला माणसं येतात, पुढची अलीकडे आणायला ओळखी काढतात, परत करायला जिवंत पेशंटच्या घरून तूच पहिली, असं तो म्हणाला. मग मी अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. माझ्या मागे वडाळ्याहून आलेली एक बाई उभी होती, तिचा चेहरा दुखण्यानं पिवळट झाला होता. ती तारीख तिथल्या तिथे तिला मिळाली आणि तिनं मला वाकून नमस्कार केला. त्या उपायानं फायदा झालेली माझ्या माहितीतली ती एकमेव व्यक्ती.

मग सफरचंदं आली. आमच्याकडे रस काढायचं यंत्र नव्हतं. सफरचंदं किसणीवर किसायची आणि फडक्यात घालून पिळायची, हे काम अर्थातच आईचं, म्हणजे जिच्या पोटात खडे होते तीच ते मऊ करायचं औषध स्वतः पिळत होती. चार-चार पेले. रंग गंजासारखा येई. ऑलिव्ह तेल आणायला मी लालबागच्या केमिस्टकडे गेले. तेव्हा आमच्या भागात ऑलिव्ह तेल फक्त तान्ह्या मुलांच्या मालिशला मिळे, लहान बाटल्यांतून. मी चार बाटल्या मागितल्या तेव्हा त्यानं आनंदानं विचारलं, जुळं का?

सहाव्या दिवशी संध्याकाळी विलायती मिठानं आईचे हाल झाले होते. ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. दिवा लागला तसे मास्तर आले, शेजारची चार माणसं आली, आणि मी पेल्यात तेल ओतून लिंबू पिळलं. आता ती पिणार, तोच अण्णांना वाटलं की एवढं मोठं काम गाऱ्हाण्याशिवाय कसं करायचं. आमच्या कोकणात नांगर धरण्यापासून लग्नापर्यंत कशालाही आधी गाऱ्हाणं घालतात. वडीलधारा देवापुढे मागणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. पण ते तेलाच्या पेल्यावर घातलेलं मी तेव्हाच पाहिलं. आईला उभं केलं. हातात पेला. अण्णांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा,” अण्णा म्हणाले, “ह्या घरच्या लक्षुमीच्या पोटात जे काय खडे-गोटे ठाण मांडून बसले असतीत, ते आल्या वाटेन भायर काढ म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“सुरी-कातरीची नजर ह्या घरार पडा देव नको म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

गाऱ्हाणं मग मिलच्या कामगारांची देणी, चाळीची दुरुस्ती आणि माझं लग्न या मार्गानं बराच वेळ गेलं. आई तेवढा वेळ तेल घेऊन उभी होती. पेल्यात वर तेल आणि खाली लिंबू असे दोन थर झाले होते, ते ती बोटानं ढवळत होती. सगळं झाल्यावर तिनं एका दमात पेला संपवला आणि माझ्याकडे देऊन म्हणाली, “घास नीट. साबण लाव.” त्या सबंध संध्याकाळी ती एवढंच बोलली.

सकाळचा बंदोबस्त अण्णांनी आधीच केला होता आणि आम्हाला सांगितला नव्हता. आमच्या मजल्याला टोकाला चार संडास होते, सगळ्यांचे मिळून. सकाळी मी आईला धरून तिकडे नेत होते तर बायका बाजूला होऊन वाट देत होत्या, एकीनं तर आईच्या पाठीवरून हात फिरवला. तिसऱ्या नंबरच्या दाराला फुलांचा हार नव्हता एवढंच. परत येताना मी जिन्याखाली जाऊन पाहिलं. फळ्यावर लिहिलं होतं: ‘दुसरा मजला, शौचालय क्र. ३, आज सकाळी दहापर्यंत सौ. वहिनींच्या पित्ताच्या खड्यांकरिता राखीव. कृपया सहकार्य करावे. हुकुमावरून.’ तीन मजल्यांची माणसं दूध आणायला जाताना ते वाचत होती. ज्या बाईनं दीड वर्ष पोटदुखी पदराखाली लपवली तिच्या पोटाची बातमी पाण्याच्या वेळेच्या वर होती. मी ते ओल्या फडक्यानं पुसलं. अण्णा त्यानंतर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत, नोटीस पुसणं हा कमिटीचा अवमान होता.

आणि खडे पडले. ते मी सांगायचं टाळणार नाही, कारण संडासात ठेवलेल्या प्लास्टिकच्या टबातून जुन्या चाळणीनं ते वेगळे मीच केले. छोट्या वाटाण्यापासून मोठ्या हरभऱ्यापर्यंत, गर्द हिरवे, काही गुळगुळीत. एकतीस. अण्णांनी ते धुवून जामच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि फळीवर घड्याळाशेजारी ठेवले. दुपारपासून माणसं बघायला यायला लागली. मास्तर बाटली उजेडासमोर धरून प्रत्येकाला सांगत, हे जर पोटात राहिले असते. वाक्य ते तिथेच सोडत. लोक आईकडे बघत आणि आई त्यांना चहा करून देई.

मला त्या खड्यांचं काहीतरी खटकत होतं. बोटाला ते मेणासारखे लागत. आम्हाला प्रॅक्टिकलला साबण करायला शिकवलं होतं: तेल घ्या, अल्कली घाला, घट्ट होतं. आई अर्धा पेला तेल प्यायली होती, आतड्यात अल्कली असते, आणि पित्त हिरवं असतं. दुसऱ्या दिवशी मी अण्णा आणि मास्तर दोघांना समोर बसवलं, वाटीत गरम पाणी घेतलं आणि त्यात एक खडा सोडला. थोड्याच वेळात तो चपटा झाला, पसरला, आणि वाटीवर हिरवट तेलाचा तवंग आला. मी म्हटलं, हे आईचे खडे नाहीत. हे आपण पाजलेलं तेल आहे. खडे आतच आहेत. पुन्हा सोनोग्राफी करू.

दोघं वाटीत बघत राहिले. मला वाटलं, झालं.

“विरघळला,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे बघा,” अण्णा म्हणाले, “नुसत्या गरम पाण्यान विरघळता. सुरी कित्याक होई?”

त्या दिवशी मला कळलं की पुरावा दाखवून माणूस बदलत नाही, तो पुरावाच आपल्या बाजूला ओढून घेतो. पुढे मी तीस वर्षं शिकवलं, त्यात दरवर्षी हा प्रसंग मुलांना सांगितला, चाळणी वगळून.

आईला मात्र ते कळलं होतं. मोरीत वाटी धुताना ती हळूच म्हणाली, दुखतंय अजून, पण ह्यांना एवढा आनंद झालाय. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना. ती म्हणाली, रविवार होऊन जाऊ दे. रविवारी मास्तरांचा सत्कार होता. जेवण आमच्याकडे, कोंबडी-वडे, आणि करणार अर्थात आई. दोन नारळ फोडले. दोन-तीन महिन्यांनी आमच्या घरात पुन्हा पाट्याचा आवाज आला आणि अण्णा डोळे मिटून ऐकत बसले. मास्तरांना शाल दिली. वडे तेलातून टम्म फुगून येत होते. सगळ्यांची पंगत उठल्यावर आई जेवायला बसली. अण्णांनी तिच्या ताटात दोन वडे आपल्या हातानं वाढले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, मी त्यांना तिला वाढताना तेव्हा प्रथम पाहिलं. ती नाही कशी म्हणणार. तिनं दोन्ही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं ते थांबलं नाही. ती ओरडणारी बाई नव्हती, त्यामुळे ती ओरडली तेव्हा शेजारपाजारचे धावत आले. बुधवारी अंगात हुडहुडी भरून ताप आला आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले. फळीवरची बाटली अजून तिथेच होती. उकाड्यानं आतले खडे एकमेकांना चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता. टॅक्सीत आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पुढे अण्णा बसले होते. परळ येईपर्यंत त्यांनी मान मागे वळवली नाही.

वॉर्डातली डॉक्टर तरुण होती आणि चार दिवस झोपली नसावी. एक खडा पित्ताच्या नळीत अडकलाय, म्हणाली, आत पू होतोय. आता दुर्बीण नाही, पोट उघडावं लागेल, वीतभर, आणि आजच. मग तिनं जुने कागद चाळले. “तुम्हाला मागच्या आठवड्याची तारीख होती. रद्द केलीय. कुणी केली?”

मी तोंड उघडलं. अण्णांनीही उघडलं असावं, कारण त्यांचा श्वास मला ऐकू आला. पण आई आधी बोलली. डोळे मिटूनच म्हणाली, “मीच. भ्यायले मी.”

डॉक्टर तिच्यावर रागावली. चांगली दोन मिनिटं रागावली, अडाणीपणाबद्दल, घरच्यांना त्रास देण्याबद्दल, आणि एवढी शिकलेली मुलगी असून तिचं न ऐकण्याबद्दल. आईनं सगळं ऐकून घेतलं. आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभे होतो. मग संमतीचा कागद पुढे आला आणि अण्णांनी सवयीनं खिशाचं पेन काढलं. माझी सही चालेल ना, म्हणाले, मी यजमान.

“पोट कुणाचं आहे?” डॉक्टरनं विचारलं.

अण्णांनी पेन आईच्या हातात दिलं. तिनं मला कागद वाचून दाखवायला सांगितला, सगळा, भुलीत जीव जाऊ शकतो ते वाक्यसुद्धा. मग पुन्हा एकदा वाचायला सांगितला. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचून घेतलेली ती आमच्या घरातली पहिली व्यक्ती. तिनं नाव पूर्ण लिहिलं. खाली साक्षीदाराची जागा होती, तिथे अण्णांनी सही केली आणि या वेळी ‘हुकुमावरून’ लिहिलं नाही.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. अण्णा बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले, हात मांडीवर. मध्येच एकदा म्हणाले, ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला त्यांची दया आली नाही, आणि हे आता त्यांना जाऊन इतकी वर्षं झाल्यावरही मी बदलून लिहिणार नाही.

आई सतरा दिवस वॉर्डात होती. पोटातून रबराची नळी बाहेर आणून सोडली होती, पहिले काही दिवस तिला कूसही बदलता येत नव्हती. मग हळूहळू ती उशीला टेकून बसायला लागली. सकाळी सहाला चहा येई, तो तिनं केलेला नसे. दुपारी ताट येई, ते तिनं घासायचं नसे. शेजारच्या खाटेवर वरळी कोळीवाड्यातली एक बाई होती, तिच्याशी ती सुक्या बोंबलांवर तासन्‌तास बोले. अण्णा रोज चार वाजता येत, स्टुलावर बसत आणि तिला विचारत, काय आणू. पंचवीस वर्षांत न विचारलेला प्रश्न ते रोज विचारत, आणि ती रोज म्हणे, काही नको. तिच्या तोंडावर तेज आलं होतं. सतराव्या दिवशी डॉक्टरनं जखम तपासली, छान भरलीय म्हणाली, आणि घरी जायला हरकत नाही असं सांगितलं. मी पिशवी भरायला घेतली. आईनं पदर सारखा केला आणि डॉक्टरला हळूच विचारलं, माझं आणखी एखादं ऑपरेशन बाकी नाही ना राहिलेलं?

डॉक्टरनं पुन्हा एकदा कागद पाहिले. नव्हतं.